बोटाखालचं बटण

१

गाडीचं म्हणणं असं होतं की म्हाताऱ्याने लाइट स्वतःच्या हाताने बंद केले.

हल्ली गाड्यांनाही म्हणणं असतं. पूर्वी अपघात झाला की माणसं खोटं बोलायची आणि गाडी बिचारी गप्प पडून राहायची. आता गाडी आधी बोलते, छापील बोलते, आणि तिच्यापुढे माणसाचं कोणी ऐकून घेत नाही. मी विमा कंपनीत अपघातांची तपासनीस आहे. ऑफिसात मला शंकाबाई म्हणतात. समोर नाही म्हणत, पण मला काही बहिरेपण आलेलं नाही.

त्या दिवशी साहेबांनी गाडीच्या नोंदींचा कागद माझ्या टेबलावर सरकवला. दाट धुक्याची सकाळ, चढाचा रस्ता. म्हातारा एकटा गाडीत. डेअरीच्या फाटकातून दुधाचा टँकर रस्त्यावर वळला आणि गाडी थेट त्याच्यावर जाऊन आदळली. त्याच्या जरासं आधी, डॅशबोर्डच्या स्क्रीनवरून, लाइट बंद. मग चालू. मग पुन्हा बंद. ब्रेक लागला तो अगदी शेवटी, उगाच लागल्यासारखा.

"धुक्यात कोणी लाइट बंद करतं का?" साहेब म्हणाले. "आधी मन घट्ट केलं, मग घाबरला, मग पुन्हा घट्ट केलं. सरळ आत्महत्या आहे. लिहा आणि मोकळ्या व्हा."

"मन घट्ट केलं हे गाडीने सांगितलं का?"

"शंका पुरे," साहेब म्हणाले. "बाहेर त्यांची मुलगी बसलीय. तिला काय ते समजावून सांगा."

मुलगी म्हणजे चाळिशीची बाई. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. अंगावर अजून लॅबचा कोट, डोळे रडून रडून सुजलेले. पैशाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिचे वडील जन्मभर बस चालवत होते. डेपोत सगळे त्यांना पायलट म्हणायचे, कारण घाटात एसटीच्या धडधडीतही ते रस्त्यावरून नजर काढत नसत. गिअर, वायपर, दिवे, सगळं हाताच्या अंदाजाने. शेजारी कंडक्टर चहा घेऊन उभा राहिला तरी मान वळायची नाही, नुसता हात पुढे यायचा.

"मला एकच सांगा ताई," ती म्हणाली. "बाबांना मरायचं होतं का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

तिने कोटाच्या बाहीने नाक पुसलं. "आदल्या दिवशी जेवताना मी त्यांना बोलले. म्हटलं, बाबा, तुमचं वय झालं, ही गाडी तुम्हाला झेपत नाही, किल्ली आता माझ्याकडे द्या. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, उद्या एकदा वर जाऊन येतो, मग घे. पुढे जेवलेच नाहीत." तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. "तुम्ही शोधायचं ते शोधा. पण मला माहीत आहे. मीच मारलं त्यांना."

२

टँकरचा ड्रायव्हर डेअरीच्या आवारात एका उलट्या कॅरेटवर बसला होता. धिप्पाड माणूस, पण अंगातली हवा गेल्यासारखा खाली बसलेला. त्या दिवसापासून त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मालकाने त्याला कॅन मोजायचं काम दिलं होतं आणि तेही त्याच्याकडून चुकत होतं.

"मी दोन्हीकडे बघितलं बाई," मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला. "पोराबाळांची शपथ. रस्ता मोकळा होता. धुक्यात गाडी दिसत नाही, गाडीचे दिवे दिसतात. दिवेच नव्हते. मी अर्धा वळलो आणि मग ती एकदम समोर आली, भुतासारखी."

"चालवणारा दिसला तुम्हाला?"

त्याने हाताची बोटं एकमेकांत गुंतवून पुन्हा सोडवली.

"पोलिसांना मी हे सांगितलं नाही," तो म्हणाला. "कोणी खरं मानणार नाही. काचेच्या आत पांढुरकं होतं, तोंड नीट दिसत नव्हतं. पण हात दिसला."

"हात काय करत होता?"

त्याने स्वतःचा पंजा वर केला आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवला.

"मला टाटा केला त्यांनी," तो म्हणाला आणि ओंजळीत तोंड घालून ढसाढसा रडायला लागला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नुसती उभी राहिले. परत येताना साहेबांचा फोन आला. झाली का खात्री, त्यांनी विचारलं. मी काहीतरी पुटपुटले. खरं सांगायचं तर माझीही झाली होती, आणि त्या बाईला जाऊन काय सांगायचं याची वाक्यं मी वाटभर जुळवत होते.

३

जावई गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रेता होता. सासऱ्यांना ही गाडी त्यानेच घेऊन दिली होती. गुळगुळीत दाढी, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलताना हात सतत कुठल्या ना कुठल्या बॉनेटवर. मला बघून त्याने आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग घाम पुसला.

"त्यांची जुनी गाडी म्हणजे डबडं होतं हो," तो म्हणाला. "एअरबॅग नाही, काही नाही. मी म्हटलं बाबा, सुरक्षित गाडी घ्या. ही त्या गटातली सगळ्यात सुरक्षित."

'सुरक्षित' म्हणताना त्याचा आवाज बारीक झाला.

"त्यांना आवडली का?"

"कसली आवडते! पहिल्याच दिवशी म्हणाले, जावईबापू, हिला बटणं कुठायत? मी स्क्रीन दाखवली. म्हणाले, हे वाचायचं की चालवायचं? काचेवर बोट कुठे आहे ते कळत नाही, बघावंच लागतं. आणि त्यांना बघायचं नव्हतं. जन्मभराची सवय." त्याने गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. "मी म्हटलं, होईल सवय. गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगतो."

यात त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडचं कपडे धुवायचं मशीनसुद्धा असंच काचेचं आहे. आमचे हे ओल्या हाताने त्यावर टकटक करत बसतात आणि शेवटी मलाच हाक मारतात.

पण त्याचा फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता आणि तो बोलताना दर थोड्या वेळाने तिकडे बघत होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"सासऱ्यांची गाडी तुमच्या फोनला जोडलेली होती का?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"घरी हिला सांगू नका," तो घाईघाईने म्हणाला. "फक्त गाडी कुठे आहे ते बघायला जोडली होती. काळजीपोटी."

"फोनवरून लाइट बंद करता येतात?"

"येतात."

"बंद केले होते?"

"बाई, काय बोलताय तुम्ही!" तो ओरडलाच. शोरूममधली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग त्याने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "मी स्वतः कंपनीकडून विचारून घेतलंय. झोप लागत नव्हती म्हणून. फोनवरून हुकूम गेला असता तर नोंदीत तसं आलं असतं. नोंद स्क्रीनची आहे. गाडीत ते एकटे होते." त्याचे डोळे भरून आले. "बोट त्यांचंच होतं."

४

मोडकी गाडी वर्कशॉपच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडली होती. तिकडे जायचं मला काही कारण नव्हतं. पण शंकाबाईला कारण लागत नाही.

ताडपत्री बाजूला केली. पुढचा भाग चेपला होता. समोरच्या काचेचं जाळं झालं होतं, पण ती जागेवर होती. स्क्रीन फुटून काळी पडलेली. मी धडपडत ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पायाशी एक रुमाल पडला होता. मोठा, पुरुषांचा, चुरगळून वाळलेला. त्याचा एकच कोपरा मळकट होता, कशावर तरी घासल्यासारखा.

मग मी काचेकडे नीट बघितलं. आतल्या बाजूला, बरोबर चालवणाऱ्याच्या तोंडासमोर, तिरप्या उन्हात पुसल्याचे फराटे दिसत होते. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

मी सीटवरच टेकून राहिले. टाटा नव्हता तो! म्हातारा काच पुसत होता. थंडीत काच आतून वाफ धरते, तशी धरली होती. टँकरवाल्याला आत पांढुरकं दिसलं ते हेच. ज्याला मरायचं आहे तो माणूस समोरचं दिसावं म्हणून रुमालाने काच पुसेल?

पण मग लाइट का बंद केले?

मी पायलटसारखी बसले. नजर समोर, मान ताठ. डोळे मिटले आणि स्क्रीनकडे हात नेला. बोट स्क्रीनखालच्या काळ्या चौकटीला लागलं. मी ते हळूहळू सरकवत नेलं आणि मध्येच कशाला तरी अडखळलं. डोळे उघडून बघितलं तर काहीच दिसेना. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा लागलं. वाकून, कडेने बघितलं तेव्हा दिसला. रबराचा छोटासा पारदर्शक ठिपका. कपाटाचं दार आपटू नये म्हणून आतून चिकटवतात ना, तसला.

खूण होती ती! बोट ठिपक्यावर टेकवायचं, तिथून सरळ वर न्यायचं आणि दाबायचं. खाली बघायला नको.

मी वर्कशॉपमधून तडक शोरूम गाठलं. जावयाला म्हटलं, तसलीच गाडी दाखवा. तो काही न विचारता किल्ली घेऊन आला. स्क्रीनच्या तळाशी बटणांची एक पट्टी होती. डावीकडून गाणी, फोन, लाइट, काच आणि सीट. मोडक्या गाडीतली ठिपक्याची जागा मी वितीने मोजून आणली होती. इथे तीच वीत लावली. ठिपका बरोबर काचेच्या बटणाखाली येत होता. काचेवरची वाफ घालवायला जे वारं लागतं, ते सुरू करायचं बटण.

मला इतका आनंद झाला की मी जावयाचा हात धरून हलवला. लाइटचं बटण शेजारचंच! म्हाताऱ्याला काच हवी होती, बोट जरा सरकलं आणि लाइटच्या बटणावर पडलं. संपलं!

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा काढला की आमच्या ऑफिसात सगळे जरा सावरून बसतात.

"एकदा बोट सरकेल," ते म्हणाले. "तीनदा सरकेल? ठिपका नसता तर मी एक वेळ मानलंही असतं. पण बोट चुकू नये म्हणूनच ठिपका लावला होता, असं तुम्हीच सांगताय. म्हणजे बोट चुकलं नाही. त्याला लाइटच दाबायचे होते. बाई, तुमच्या पुराव्याने तर माझीच बाजू पक्की झाली."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

५

घरी जाऊन मी नोंदींचे सगळे कागद पसरले. त्या सकाळचेच नाही, आधीच्या दिवसांचेही. थंडीची लाट आली होती त्या आठवड्यात म्हातारा रोज सकाळी वर जात होता. मुलीने सांगितलं होतं, तिथे त्याचा जुना कंडक्टर अंथरुणाला खिळून होता, त्याला पेपर वाचून दाखवायला. आणि रोज चढ लागला की काचेचं बटण दाबलं जायचं. एकदा, दोनदा, कधी दहादा.

अपघाताच्या सकाळी एकदाही नाही.

हे मला आधी दिसायला हवं होतं. झालेल्या गोष्टींवर आपली नजर खिळते, न झालेल्यांकडे जात नाही. काच इतकी धुरकट की म्हातारा रुमालाने पुसतोय, आणि तरी ज्या बटणासाठी मुद्दाम खूण लावली आहे ते तो दाबत नाही? हे शक्य नव्हतं. त्याने ते दाबलंच असणार. मग नोंदीत लाइट कसे आले?

म्हणजे त्या सकाळी काचेचं बटण ठिपक्याच्या वर नव्हतं. दुसरीकडे कुठेतरी गेलं होतं.

स्वतःशी सुद्धा हे बोलायची लाज वाटत होती. बटण म्हणजे काय मांजर आहे, इकडून तिकडे जायला?

गाडीच्या कंपनीतल्या ज्या बाईने ती पट्टी आखली होती, ती भेटायला तयार झाली, पण ऑफिसात नको म्हणाली. एका बागेच्या बाकावर आम्ही बसलो. तिशीचीही नसेल. नखं कुरतडून कुरतडून पार मुळापर्यंत गेलेली.

"मी तुम्हाला एकच विचारते," मी म्हटलं. "त्या सकाळी काचेचं बटण कुठे होतं?"

तिने उलट मलाच विचारलं.

"तुम्ही शोरूममधली पट्टी बघितलीत ना?" ती म्हणाली. "ती नव्या गाडीची. नवी गाडी अजून काही शिकलेली नसते."

"शिकलेली म्हणजे?"

"मागच्या अपडेटमध्ये दिलं आम्ही ते. तुम्ही जे बटण सगळ्यात जास्त वापरता ते पट्टी आपणहून पहिल्या जागेवर आणते. बाकीची एकेक घर उजवीकडे सरकतात. लोकांना सोपं जावं म्हणून." तिने बाकावर बोटाने रेघा ओढल्या. "गाडी बंद करून पुन्हा चालू केली की पट्टी नव्याने मांडली जाते."

मी मनात मोजलं. गाणी, फोन, लाइट, काच, सीट. त्या गारठ्यात म्हाताऱ्याने काचेचं बटण इतक्यांदा दाबलं की एका सकाळी ते पहिलं झालं. काच, गाणी, फोन, लाइट, सीट. चौथ्या जागी, ठिपक्याच्या बरोबर वर, लाइट.

"अपडेट घ्यायचं की नाही, हे त्यांना विचारलं होतं का?"

"स्क्रीनवर येतं. 'आम्ही तुमच्यासाठी गाडी सोपी केली आहे.' खाली 'ठीक'. सगळे ठीक दाबतात."

"आणि नोंदीत हे का दिसत नाही?"

"नोंद बटणाची होते," ती अगदी हळू म्हणाली. "बोटाची होत नाही. कुठलं बटण दाबलं ते आम्ही साठवतो. बोट स्क्रीनवर कुठे होतं ते नाही."

आता सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि येऊ नये असं वाटलं. अंधुक बघून गाडीने लाइट आपोआप लावलेले. म्हातारा चढावर. काच धुरकटायला लागते. नजर रस्त्यावर ठेवून तो ठिपका शोधतो, बोट वर नेतो, दाबतो. लाइट बंद. पांढऱ्या धुक्यात, उजाडलेलं असताना, आतून ते कळतही नाही. वारा येत नाही. पुन्हा दाबतो. लाइट चालू. तरी वारा नाही. तिसऱ्यांदा दाबतो. लाइट बंद. मग बस चालवणारा माणूस जे करेल ते करतो, खिशातून रुमाल काढतो. तेवढ्यात फाटकातून टँकर वळतो. टँकरवाल्याला दिवे दिसत नाहीत आणि पायलटला टँकर.

त्याने कशातही चूक केली नव्हती. आयुष्यभर जे बरोबर केलं तेच केलं होतं.

"चालत्या गाडीत लाइट असे बंदच होता कामा नयेत, असं मी म्हणाले होते," ती म्हणाली. "वरचे म्हणाले, पुढच्या अपडेटमध्ये घेऊ."

"हे सगळं लिहून द्याल?"

"पट्टी कशी सरकते ते छापील माहितीत आहे, ते देते. माझं नाव नको. माझं कोणी ऐकत नाही हो तिथे." तिने वर बघितलं. "अजून किती जणांनी असे ठिपके लावले असतील?"

मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. बागेतली पोरं घसरगुंडीवर आरडाओरडा करत होती.

६

साहेबांनी या वेळी चष्मा काढला नाही. बराच वेळ छापील माहिती वाचत राहिले.

"पटतंय," शेवटी म्हणाले. साहेबांच्या तोंडून हा शब्द मी क्वचितच ऐकला आहे. "पण गाडीची कंपनी उद्या काय म्हणेल, सांगू? ठिपका तुमच्या तपासनीस बाईनेच अपघातानंतर नेऊन चिकटवला. तो आधीपासून होता आणि काचेच्या बटणासाठीच होता, हे कोणी सांगणार आहे का? ज्याने लावला त्याने सही करून दिलं तर हा म्हातारा सुटला. नाहीतर ठिपका नाही, आणि ठिपका नाही तर पुन्हा आत्महत्याच."

"त्यांनी स्वतःच लावला असेल."

"मग त्यांची सही आणा," साहेब म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

तरीही मी मुलीच्या घरी जवळजवळ धावतच गेले. निदान एक चांगली गोष्ट सांगायची होती. आमच्या धंद्यात अशी संधी फार येत नाही.

ती स्वयंपाकघरात होती, जावई कामावर. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "तुमच्या वडिलांना मरायचं नव्हतं. ते काच पुसत होते. तुमच्या बोलण्याचा काही संबंध नाही."

तिने ओट्याला धरलं आणि खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली, आणि रडता रडता हसली. "खरं सांगताय? माझ्यावर रागावून नाही ना गेले? नक्की?"

"नक्की."

"बसा ना ताई, चहा करते," ती डोळे पुसत उठली आणि कपाटं उघडायला लागली. साखरेचं उघडलं, मिटलं. पत्तीचं उघडलं, मिटलं. दारं मऊ मिटत होती, मुळीच आवाज न करता. मग कपांचं दार खटकन आपटलं.

"याचं एक रबर मी काढलं ना, तेव्हापासून आपटतंय," ती म्हणाली. "बाबांच्या गाडीला लावलं ते. काचेचं बटण त्यांना सापडायचंच नाही, सारखं खाली बघावं लागायचं. मला भीती वाटायची. म्हटलं, बाबा, थांबा, मी युक्ती करते. इतके खूश झाले! म्हणाले, माझ्या पोरीने गाडीला बटण बसवलं. सगळ्या कॉलनीला सांगत सुटले."

मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं, काहीही, हवापाण्यावर तरी. पण जमलं नाही, आणि ती लॅबमध्ये काम करणारी बाई होती. निकाल हातात देताना समोरच्या माणसाचा चेहरा वाचायची तिला सवय होती.

"काय झालं?" ती म्हणाली. "लाइट कसे बंद झाले, ते तुम्ही सांगितलं नाहीत."

मी सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. पट्टी कशी सरकली, काच कुठे गेली, ठिपक्यावर काय आलं. ती माझ्याकडे पाठ करून गॅससमोर उभी होती. पाणी उकळून वर आलं, मीच उठून गॅस बंद केला.

"ठिपका नसता तर त्यांनी खाली बघितलं असतं," ती म्हणाली. ती विचारत नव्हती, सांगत होती.

"असं ठामपणे नाही सांगता येत."

"बघितलं असतं. आणि बटण दिसलं असतं."

"चूक तुमची नाही. ज्यांनी ते सरकवलं त्यांची आहे."

"ते कोण?" तिने विचारलं. "मला एक माणूस दाखवा. मी जाऊन त्याच्याशी भांडते."

माझ्याकडे दाखवायला कोणी नव्हतं. नखं कुरतडणारी ती पोर होती, आणि पुढचं अपडेट होतं.

मग मी सहीचं सांगितलं, कारण ते सांगायलाच आले होते. हेही सांगितलं की सही केली नाही तर ठिपक्याची गोष्ट या स्वयंपाकघराबाहेर जाणार नाही. मी कोणाला बोलणार नाही. नवऱ्याला कळणार नाही, नातेवाइकांना कळणार नाही.

"आणि बाबा?"

"बाबांच्या नावापुढे आत्महत्या राहील."

ती खुर्चीवर बसली. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"लिहा," ती म्हणाली.

मी कागद काढला. "'वडिलांना खाली बघावं लागू नये म्हणून मी हा ठिपका...'"

"ते नको," तिने मला अडवलं. "कशासाठी लावला ते कशाला? मी लावला, काचेच्या बटणासाठी लावला, एवढंच लिहा."

मी तेवढंच लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं, खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद माझ्याकडे दिला.

"आता बाबांवर कोणी बोट ठेवणार नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.